पाठीनं ऐकणारा

शिरूरच्या स्पीकरच्या दुकानात तो मला एकदाच भेटला. पन्नाशीचा, वरातीत बँजो वाजवणारा. फाटलेला स्पीकर दुरुस्तीला घेऊन आलेला. मी बास गिटारसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी निवडत होतो. कुरकुंभच्या कारखान्यातल्या शिफ्टा सांभाळून आमचा हेवी मेटल रॉक बँड चालतो. माझा बास नुसता गडगडतो, सूर कळत नाही, म्हणून पोरं माझ्या जागी दुसरा शोधत होती. मलाही वाटू लागलं होतं की आपल्या हातातच खोट आहे. गिटार विकायची जाहिरातसुद्धा टाकली होती; तरी शेवटचं एकदा पेटी बदलून बघावी म्हणून आलो होतो.

आधी मी सगळ्यात दणकट, अठरा इंची स्पीकरची पेटी लावून वाजवलं. दुकानाचं शटर थरथरलं. तो उठला आणि पेटीकडे पाठ करून उभा राहिला.

"वरातीत स्पीकरचा गाडा आमच्या मागंच आसतो," तो म्हणाला. "मला पाठीनंच ऐकायची सवय हाय."

त्याची पाठ ढिम्म होती. मग मी दहा इंची चार स्पीकरांची पेटी जोडली आणि तेच पुन्हा वाजवलं. हळूहळू त्याची मान डोलू लागली. मग बोटं हवेत माझेच सूर धरू लागली.

"तुमचा हात चांगला हाय, दादा," तो पाठमोराच म्हणाला. "मगाशी पेटीच मधी मधी बोलत हुती."

दुकानाच्या पायरीवर बसून मी ती जाहिरात काढून टाकली. त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही. पाठ मात्र कुठल्याही वरातीत ओळखेन.