सरांना चिठ्ठी दिली

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. आमच्या जासईच्या कंटेनर यार्डातली सकाळची यादी मधूनच का बंद पडायची, ते मी शोधून काढलं असं ऑफिसात सगळे मानतात. मी नाही शोधलं. गेटवर बसणाऱ्या ताईंनी शोधलं.

‘येळ लिवली का?’ हा त्यांचा कुठल्याही तक्रारीवरचा पहिला प्रश्न. पंखा बंद पडला, येळ लिवली का. ड्रायव्हर भांडून गेला, येळ लिवली का. त्या उरणकडच्या कोळ्यांच्या. वडिलांची होडी होती. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते हे त्यांना शाळेच्या आधीपासून ठाऊक. ‘येळ लिवली की कारन आपोआप वर येतंय सर,’ असं त्या सांगायच्या. मी संगणक विभागाचा माणूस, पनवेलच्या ऑफिसातून दर सोमवारी यार्डात जाणारा. मी नुसता हसायचो.

ती यादी माझी लाडकी होती. कुठला कंटेनर सुटायला तयार आहे, हे रोज सकाळी सहाला क्लाउडवरून आपोआप कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या मोबाइलवर जायचं. माणसाचा हात लागायचा नाही. मीच बनवलं होतं ते. दीड-दोन महिने नीट चालायचं आणि एका सकाळी ‘कनेक्शन तुटलं’ एवढा लाल शेरा यायचा. मी ऑफिसात पोचून पुन्हा लॉगिन करेपर्यंत दहा वाजायचे. तोवर ट्रकवाले अंदाजाने निघून आलेले असायचे आणि गेटबाहेर रांग. शिव्या ताईंना.

‘काय ताई, तुमच्या कॉम्प्युटरला आज परत ताप?’

‘तुजा टायर फुटला तवा मी इचारलं काय? गाडी बाजूला घे.’

साहेबांनी विचारलं की मी म्हणायचो, ‘यार्डाकडचं नेट खराब आहे.’ चार-पाच वेळा म्हणालो. मला तसं खरंच वाटत होतं, की वाटून घ्यायचं होतं, हे आज सांगता येत नाही.

आता ताईंच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. गेटपासच्या पुस्तकातल्या प्रत्येक चिठ्ठीला नंबर असतो. एकही चिठ्ठी हिशेबाबाहेर फाडायची नाही, फाडली तर मागे राहणाऱ्या अर्धुकावर कारण लिहायचं, हा यार्डाचा नियम. आणि आमच्या कंपनीचा नियम असा, की दर आठ आठवड्यांनी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा. माझा तो नेमका सोमवारी, यार्डात असताना संपायचा. मी नवा ठरवायचो आणि म्हणायचो, ‘ताई, एक चिठ्ठी द्या हो, नाहीतर विसरेन.’ ती चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे जायची. ताई अर्धुकावर तारीख घालून लिहायच्या: ‘सरांना चिठ्ठी दिली.’

एका सोमवारी त्यांनी पुस्तकं माझ्यासमोर ठेवली. जुन्या पुस्तकांतली अर्धुकं उघडून, प्रत्येकात खूण म्हणून रबर अडकवलेलं. शेजारी त्यांची वही, यादी बंद पडल्याच्या तारखा आणि वेळा लिहिलेली.

‘सर, ही यादी तुमच्या नावावर चालती काय?’

‘हो. माझ्याच लॉगिनवर. का?’

‘मग बगा. तुमी सोमवारी चिठ्ठी नेली की मंगलवारी यादी नाय. दर टायमाला. तुमी कुलूप बदलता आनि त्याला सांगत नाय. तो बिचारा सकाळी सा वाजता जुनी चावी घेऊन उबा.’

मी वही दोनदा पाहिली. एकही तारीख चुकली नव्हती. यादीसाठी कुणाचंच नाव नसलेलं, पासवर्ड बदलावा न लागणारं वेगळं खातं उघडायला हवं होतं. नव्या पोरालाही ही गोष्ट शिकवतात. मी कंटाळा केला होता.

‘कोनाला काय सांगायचं ते तुमी बगा,’ असं म्हणून त्या पुढच्या ट्रककडे वळल्या.

मी त्याच दिवशी वेगळं खातं जोडलं. पुन्हा यादी कधी बंद पडली नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कसं सापडलं? मी म्हणालो, ‘तारखा जुळवून पाहिल्या.’ कुणी जुळवल्या ते बोललो नाही. टाळ्या वाजल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. माझ्या विभागात एक जागा रिकामी होती. ताईंनी अर्ज केला होता; संध्याकाळचा क्लास लावून त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. गेटवरच्या धुळीतून आत यायचं, एवढीच त्यांची इच्छा. साहेबांनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, ‘गेटवर त्यांच्यासारखं दुसरं माणूस मिळणार नाही.’ वाक्य खरं होतं. ते मी का उच्चारलं, हे मला बोलतानाच माहीत होतं. माझी चूक जाणणारं माणूस मला शेजारच्या खुर्चीत नको होतं.

निकाल मीच सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘गेटवर मानूस पायजेच ना सर.’ आणि चहा मागवला. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

वर्षभरात त्या सोडून गेल्या. आता जवळच्याच दुसऱ्या यार्डात आत बसतात, हाताखाली चारजण आहेत. काही बंद पडलं की त्या चौघांनी आधी घड्याळ बघायचं, असा तिथला शिरस्ता आहे म्हणे. हे ऐकलं तेव्हा आपली मुलगी वर्गात पहिली आल्यासारखा मी दिवसभर मिरवत होतो. कुणाला कारण सांगता आलं नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, दोष शोधणारं याहून पक्कं डोकं मी पाहिलेलं नाही.

त्या गेल्यावर पुस्तकं रद्दीत जाणार होती, मी शेवटचं मागून घेतलं. त्यांच्या शेवटच्या दिवशीही मी एक चिठ्ठी मागितली होती. निरोपाचे चार शब्द लिहून द्यायचे होते, लिहिलेच नाहीत. अर्धुकावर त्यांच्या अक्षरात आहे: ‘सरांना चिठ्ठी दिली. कशाला ते इचारलं नाय.’

चिठ्ठी अजून कोरी आहे. ‘यादीचा दोष ताईंनी शोधला, चूक माझी होती, आणि त्यांची जागा मी अडवली,’ हे तिच्यावर लिहून, त्या मीटिंगमधल्या सगळ्यांना दाखवून, मग ती ताईंच्या हातात देणं मी लागतो.