माझे साडभाऊ आणि विलायती रिव्हॉल्वरं

रिव्हॉल्वरवर माझ्या साडभाऊंइतकं प्रेम करणारा आणि रिव्हॉल्वरच्या आवाजाला त्यांच्याइतका भिणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. पेशानं दातांचे डॉक्टर. दवाखाना सिंदी मेघेत, घराच्याच पुढच्या खोलीत. दिवाळीत गल्लीत लवंगी फटाके वाजू लागले की हे दवाखान्यातला कापूस कानात कोंबून मागच्या खोलीत जाऊन बसतात. आणि तरीही एखादं जुनं विलायती रिव्हॉल्वर समोर ठेवा. ते कोणत्या कारखान्यात जन्मलं, कोणत्या खात्यात नांदलं आणि सरकारी नोकरीतून केव्हा सुटलं, हे पत्रिका मांडणाऱ्या जोशीबुवांच्या तन्मयतेनं सांगतील. स्वतःजवळ मात्र एकही नाही. घ्यायचीही इच्छा नाही. "घरात आणलं की त्याले तेलपाणी करत बसावं लागते," म्हणतात, "मग त्याच्याबद्दल विचार कधी करायचा?"

विचार करणं हा त्यांचा खरा धंदा. दात ही जोडकमाई. रोग्याचं तोंड उघडं, दिवा जबड्यावर, आणि भाऊजी हातातलं यंत्र हवेत धरून कुठेतरी पोहोचलेले. आम्हाला ठाऊक असतं, ते आता रिव्हॉल्वरं घडायची त्या बर्मिंगहॅमला गेले. कालव्याच्या काठच्या धुरकट गल्लीत कोणी कारागीर कानशीनं पोलाद घासतोय आणि हे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहतायत. मुंबईच्या पुढे कधी न गेलेला हा माणूस त्या गावच्या गल्ल्या अशा सांगतो की ऐकणाऱ्याला तिथे सासुरवाडी असल्यासारखं वाटावं. वर्धेच्या बाजारात मात्र दर आठवड्याला रस्ता चुकतो. आमची ताई, म्हणजे त्यांची बायको, रोग्यालाच सांगून ठेवते, "ते थांबले तर जरासं खोकलजा."

त्यांची हत्यारंही दवाखान्यातलीच. दाढ पाहायचा चिमुकला आरसा ते नळीच्या तोंडाशी धरतात. झिजून गेलेला शिक्का वाचायचा तर कवळीचं माप घ्यायचा मसाला त्यावर दाबून ठसा काढतात, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते उलट्या ठशात उमटतं, असा त्यांचा अनुभव. माहितीतल्या कुठल्या घरी परवान्याचं जुनं हत्यार आहे असं कानावर आलं की यांचा घरात पाय ठरत नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या काकांनी "आमच्या वडिलांचं एक होतं" एवढंच म्हटलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा दोघंही मांडवाबाहेर आचाऱ्याच्या चुलीशी उभे होते. काका हातातल्या झाऱ्यानं हवेत रिव्हॉल्वरच्या मुठीचा बाक काढून दाखवत होते आणि भाऊजींच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच.

रागावलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं. पुलगावच्या एका निवृत्त गृहस्थांनी मोठ्या हौसेनं आजोबांचं रिव्हॉल्वर दाखवायला काढलं. पॉलिश करून आरशासारखं लखलखीत केलेलं. भाऊजींनी ते उलटंपालटं केलं, नखानं चाचपलं. कुठे अक्षर नाही, आकडा नाही. "काऊन घासलं हो?" एवढंच ते म्हणाले, पण आवाज असा की त्या गृहस्थांच्या बायकोनं घाईघाईनं पाणी आणलं. परत येताना मला म्हणाले, "बोलता येणाऱ्या माणसाची जीभ कापली त्यानं. अन् वर चमकवली."

गेल्या हिवाळ्यात त्यांना कारंजा घाडग्याजवळच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. गाडी मी चालवत होतो, म्हणून मीही गेलो. संत्र्याच्या बागेतलं घर. बोलावणारे आबाजी ऐंशीच्या पुढचे, काठीसारखे सरळ. घरातलं रिव्हॉल्वर आता पोलिसात जमा करायचं होतं. परवाना पुढे चालवायला मुलगा तयार नव्हता. आबाजींनी ते फडक्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला, जणू पोळलं.

"डॉक्टरसाहेब, मले बाकी काही नोको. हे साहेबानं देल्लं का नाई देल्लं, तेवढं सांगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबाजींचे वडील चारचौघांत सांगायचे की शिकारीत एका इंग्रज साहेबाचा जीव वाचवला, म्हणून हे बक्षीस मिळालं. वडील होते तोवर गावानं कौतुकानं ऐकलं. पण चळवळीच्या दिवसांत त्याच गावचा एक तरुण ज्वारीच्या शेतात लपला होता आणि पोलिसांनी त्याला नेमका तिथूनच उचलला होता. वडील गेल्यावर कोणीतरी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. बक्षीस शिकारीचं नव्हतंच, पोलिसांना खबर दिल्याचं होतं, अशी कुजबुज सुरू झाली. तोंडावर कोणी बोललं नाही. "पन मी पारावर जाऊन बसलो का बोलनं बंद होये," आबाजी म्हणाले. "मी लहान होतो जी. मले काय मालूम, बापानं काय केलतं?"

भाऊजींनी चष्मा पुसला. मुठीखाली दोरी अडकवायची कडी होती, तिच्यावरून बोट फिरवलं. वरची खिट्टी दाबून नळी बिजागरीवर खाली झुकवली, आत आरसा धरला, आणि नळीच्या बुडाशी जिथे नुसता पुसट खड्डा दिसत होता तिथे मसाला दाबला. तो सुकेपर्यंत डोळे मिटून बसले. सुनेनं आणलेला चहा गार झाला. आबाजी त्यांच्या चेहऱ्याकडे असे पाहत होते, जसा कोर्टात माणूस न्यायाधीशाकडे पाहतो.

"आबाजी," भाऊजी डोळे उघडून म्हणाले, "हे तुमच्या वडिलांनी विकत घेतलं."

"इकत?"

"हे पहा." ठशात दोन बारीक बाण होते, टोकाला टोक लावलेले. एक बाण म्हणजे सरकारी माल. असे दोन म्हणजे सरकारनं तो काढून टाकला. त्याच्या शेजारी मुकुटाखाली अक्षरं. विलायतेत हत्यार बाजारात विकण्याआधी जास्तीची दारू भरून तपासत आणि शिक्का मारत. काळाप्रमाणे शिक्क्याची धाटणी बदलत गेली. "अन् या धाटणीचा शिक्का इंग्रज इथून गेल्यावरच निघाला. तोवर हे हत्यार तिकडंच होतं. साहेब बोटीत बसून गेला, मग हे आलं. व्यापाऱ्याकडून घेतलं असन."

"मंग शिकार? साहेबाचा जीव?"

"फुशारकी."

आधी आबाजींचा चेहरा रागानं लाल झाला. मग खांदे हलू लागले. रडतायत असं वाटून मी उठलो, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होते. "बुढ्यानं फुशारकी मारली," ते म्हणाले, "अन् मान म्या खाली घातली! जलमभर!" मग त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, दुसरा चहा मांड वं! साखर जास्त टाकजो!" निघताना त्यांनी तो ठसा मागून घेतला. लोखंड पोलिसात जाऊ द्या म्हणाले, हे मले राहू द्या.

परतीच्या वाटेवर भाऊजी खूश असतील असं मला वाटलं होतं. पण ते बोटाला चिकटलेला मसाला खरवडत बसले होते. हायवेला लागलो, ट्रक थांबलेले धाबे मागे पडले, ऊन उतरून कपाशीवर पिवळं पसरलं.

"त्या पोराची खबर कोणी देल्ली, हे त्या शिक्क्यात नव्हतं," ते म्हणाले. "म्हाताऱ्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही." मग थोड्या वेळानं, "अन् शिक्का इंग्रज असतानाचा निघाला असता तर?"

"तरी तुम्ही खरंच सांगितलं असतं," मी म्हणालो.

ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. या खेपेला ते कुठे दूर गेलेले नव्हते; बाजूच्या शेतांकडेच पाहत होते.

"सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले. "पण मग दुसरा चहा घशाखाली उतरला नसता."