ओटीवरचं पाणी

मी गाव सोडलं तेव्हा रेवसच्या धक्क्यावर अख्खं गाव मला पोचवायला आलं होतं. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना आता ते आठवत नाही. कबड्डीच्या जोरावर मुंबईतल्या एका कंपनीत नोकरी लागली होती, कंपनीच्या संघातून खेळायचं होतं. माझा चुलतभाऊ सुदाम माझी बॅग खांद्यावर टाकून लाँचपर्यंत आला. गावकीचे पुढारी नामाशेठ, त्यांनी हार घातला आणि म्हणाले, "गावाचं नाव काढ, पोरा." बाबा मागे उभे होते. लाँच सुटायच्या आधी पुढे आले, माझा पंजा हातात घेऊन दाबला आणि लहानपणापासून सांगत आले होते तेच पुन्हा म्हणाले, "धरलंस तर सोडू नको."

बाबा गावच्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळायचे. मग मीही उजव्या कोपऱ्यातच. चढाई करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. कोपऱ्यातला माणूस गुडघे वाकवून बसल्यासारखा उभा राहतो, समोरच्याच्या घोट्याकडे बघत राहतो आणि संधी मिळाली की त्या घोट्यावर झेप घेतो. लाथ छातीवर बसते, कधी तोंडावर. तरी हात सोडायचा नाही. आमचं सगळं शिक्षण एवढंच.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दोघांनाही पुढचं माहीत आहे. पण गेली कित्येक वर्षं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून मीच बोलतो.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. माघातल्या जत्रेची स्पर्धा, आमच्याच मैदानावर, आणि अंतिम सामना आमच्या कंपनीचा संघ विरुद्ध आमचं गाव. सकाळी नामाशेठ घरी आले. आईने चहा दिला, तो प्यायले. म्हणाले, "सामना हर असं न्हाय म्हनत. पन सुदाम तुझ्या कोपऱ्यात आला, तर हात जरा ढिला ठेव. घरचीच बाब हाय." मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. शेवटची चढाई सुदामची होती. एका गुणाचा प्रश्न होता. तो माझ्या बाजूला आला, बोनससाठी पाय टाकला आणि मी त्याचा घोटा धरला. मला विचार करायला वेळच नव्हता, आणि असता तरी धरलाच असता. तो मध्यरेषेच्या वीतभर अलीकडेपर्यंत घासत गेला, मी त्याच्याबरोबर घासत गेलो, आणि गाव हरलं.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. ठरलं की मी देवापुढे नारळ ठेवून गावाची माफी मागायची. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "खेलात धरला म्हनून माफी? मग खेल कशाला मांडता?" एवढ्या एका वाक्यावर आमचं घर वाळीत टाकलं गेलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलं नाही त्याला कळत नाही. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. फक्त तुमच्या घरी कोणी पाणी पीत नाही. गिरणीवाला म्हणतो पट्टा तुटलाय. भाताच्या लावणीला आमच्याकडे माणसं एकमेकांच्या शेतात फिरून जातात. त्या वर्षी आमच्या खाचरात फक्त आई आणि बाबा वाकलेले, आणि बाजूच्या बांधावरून बायका तोंड फिरवून गेल्या. ह्याच बायकांची बाळंतपणं आईने केली होती! गणपतीत आरतीला दोनच टाळ्या. मी सुट्टी काढून आलो की सुदाम मला बघून गल्ली बदलायचा. त्याच्या घोट्याला काही झालं नव्हतं, पाय चांगले चालत होते त्याचे.

लोक सांगायचे, आता कायदा आहे, तक्रार कर. मी तयारच होतो. आईने अडवलं. म्हणाली, "पोलिसांच्या भीतीनं प्यालेलं पानी मना नको."

इकडे माझं नाव होत गेलं. मोठ्या लीगमध्ये निवड झाली. माती सुटली, मॅट आली. पायाला टेपिंग, फिजिओ, डायट चार्ट, एअरपोर्ट, हॉटेलची खोली, सकाळी कोचची शिट्टी. टीव्हीवर मी कोणाची पकड केली की म्हणे गावात फटाके वाजायचे. ज्या घरात मी ती पकड शिकलो त्या घराच्या ओटीवर मात्र कुत्रंही फिरकत नव्हतं. ह्याला काय म्हणायचं, मला सभ्य भाषेत सुचत नाही.

आणि मग बाबा गेले. मी कॅम्पमध्ये होतो. आईचा फोन आला, पहाटेपासून ती एकटी त्यांच्या उशाशी बसली होती. मी संघाच्या गाडीतून निघालो तेव्हा न सांगता पोरं मागच्या सीटवर येऊन बसली. हरयाणाचा एक, मदुराईचा एक, कोल्हापूरचा आमचा कप्तान. गावात शिरलो तर भर दुपारी दारं लावलेली. गावच्या लाकडाच्या वखारीला कुलूप. अलिबागहून टेम्पोत लाकडं आणली. तिरडी कशी बांधायची ते आईने दारात उभं राहून सांगितलं आणि जी माणसं बाबांशी आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती, त्यांनी बाबांना खांदा दिला. उजवीकडे पुढे मी होतो. वाटेत एका खिडकीची फळी किंचित हलली. सुदामची होती. मी बघितलं, विसरलो नाही.

गेल्या वर्षी गुडघा गेला. एमआरआय बघून डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला, संघाने पण फार बोलणं लांबवलं नाही. कोपऱ्यातला माणूस वाकू शकत नसेल तर त्याचं काम काय? मी मुंबईत घरी बसलो, आणि नेमका तेव्हाच फोन आला. नामाशेठ स्वतः. "अहो दादा," म्हणाले. मला, अहो दादा! गावाने नवीन मॅट आणली होती, तिचं उद्घाटन आणि माझा सत्कार. एसटीच्या थांब्यावर माझा फ्लेक्सही लागला होता, शेजारी त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. मी शिव्या घालणार होतो. आधी आईला विचारलं.

आई म्हणाली, "सत्कार मग. आदी माज्या ओटीवर येऊन पानी प्या, सांग त्यांना."

मी तसंच सांगितलं. पलीकडून हं हं असा आवाज आला.

सत्काराच्या दिवशी मी मैदानावर गेलो नाही, घरी गेलो. आईने ओटी सारवली होती. घासलेली कळशी, आणि तिच्याभोवती घरात होते नव्हते तेवढे सगळे पेले, शेजारच्या वाडीतल्या मावशीकडून आणलेलेसुद्धा. मैदानावरचा भोंगा माझं नाव घेत होता, गावचा सुपुत्र, गावचा अभिमान. मी गुडघ्याला पट्टा बांधून खांबाला टेकून बसलो. दोन पोरं शाल घेऊन आली, स्टेजवर चला म्हणाली. पाणी प्या म्हटल्यावर एकमेकांकडे बघून परत गेली.

मग सुदाम आला. पायरीशी थांबला. आईने पेला भरून पुढे केला. तो उभ्यानेच प्यायला, मग बसला, आणि दुसरा मागितला.

"त्या दिशी तू हात ढिला केला असतास," तो म्हणाला, "तर मी तुला कवाच माफ केलं नसतं."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतंस काय?" मी ओरडलोच. "बाबा गेले तेव्हा खिडकीतून बघत होतास!"

"भ्यालो," तो म्हणाला आणि पेल्यात बघत राहिला.

मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही. पण तो उठला नाही, आणि मीही त्याला ऊठ म्हटलं नाही.

आता मला विचारतात, गावी कायमचा कधी येणार. गाव माझं राहिलेलं नाही, हे साफ सांगतो. माझं घर म्हणजे ती ओटी, पायरीपासून दारापर्यंत, बस. त्याच्या पलीकडच्या सगळ्यावर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

संध्याकाळी भोंगा बंद झाला. सुदामनंतर कोणी आलं नव्हतं. मी चिडून पेले गोळा करायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "आज न्हाय तर उद्या येतील."

"कोणी येणार नाही, आई. सोड आता."

तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला, पुसला आणि परत कळशीशेजारी उताणा ठेवला. धरलं की सोडायचं नाही, हे बाबांनी फक्त मलाच शिकवलंय, असं मी इतकी वर्षं समजत होतो.