सव्वाशे वर्षं हरवलेले मिलर

मस्कतमध्ये बाल्कनीचं दार कितीही घट्ट लावा, चार दिवसांत टेबलावर धूळ साठतेच. आमच्या रुवीच्या ऑफिसात आग्नेल मिलरचे किस्से तसेच साठलेत. आग्नेल ड्राफ्ट्समन, मूळचा वसईचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो.

*

सुरुवात त्याच्या मुलीनं केली. अल् घुब्राच्या शाळेत तिला वंशवृक्ष काढायला सांगितला होता. वसईत सगळे लोपीस नाहीतर परेरा, मग आपणच मिलर कसे? आग्नेलने घरात ऐकलेलं सांगितलं. खापरपणजोबा म्युलर नावाचे जर्मन. चर्चचं घड्याळ बसवायला आले, गावातच लग्न केलं, मुलगा झाला आणि एक दिवस निघून गेले.

मुलीनं चौकटीत लिहिलं, ‘केम बाय शिप. लेफ्ट बाय शिप.’

टीचरने ‘व्हेरी गुड’ दिलं. आग्नेलला मात्र ते लागलं. याच गोष्टीवरून त्याच्या पप्पांना लहानपणी पोरं चिडवायची. पंच्याऐंशीव्या वर्षीही पप्पा त्या विषयावर गप्पच व्हायचे.

*

आग्नेलने सुट्टीचा अर्ज टाकला. कारण : खापरपणजोबांचा शोध.

आमच्या ओमानी अर्बाबना, म्हणजे मालकांना, स्वतःचे चौदा पूर्वज तोंडपाठ आहेत. त्यांनी अर्ज गंभीरपणे वाचला.

“कधीपासून हरवलेत?”

“सव्वाशे वर्षं झाली, सर.”

“मग तीन दिवस पुरतील?”

आठवडा दिला.

*

वसईत फादरनी दफनाची जुनी वही काढली. मिलर नाही, म्युलर नाही.

“गेलेला माणूस पुरलेल्यांत कसा सापडेल?” पप्पा म्हणाले.

पण आत्याच्या ट्रंकेत एक जर्मन पत्र निघालं. कधी पोस्टातच न पडलेलं. त्याचे फोटो घेऊन आग्नेल परत आला आणि रुसैलच्या फॅक्टरीतल्या क्लाउस नावाच्या जर्मन इंजिनियरला गाठलं.

क्लाउस पाच मिनिटं फोटो बघत राहिला. “भाषा माझीच आहे. अक्षर वाचता येत नाही.”

आग्नेल खट्टू झाला. मी म्हटलं, “तुला मोडी येते का?”

*

क्लाउसच्या म्हाताऱ्या आईला ते जुनं अक्षर यायचं. शुक्रवारी तिने व्हिडिओ कॉलवर पत्र वाचलं, क्लाउसने अर्थ सांगितला. ‘आई, मी आता परत येत नाही. मुलगा झालाय. डोळे तुझे आहेत. इथे म्युलर कुणाला म्हणता येत नाही, सगळे मला घड्याळबाब म्हणतात.’

आग्नेलने लगेच पप्पांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी फादरनी वही पुन्हा उघडली. घड्याळबाब. मुलगा दोन महिन्यांचा असताना पटकीने गेले. पुढच्याच ओळीत त्यांची बायको. ज्या कबरस्तानावरून पप्पा दर रविवारी जायचे, तिथेच दोघं होते.

“तो सोडून गेला नव्हता रे,” पप्पा फोनवर म्हणाले.

*

पप्पांना क्लाउसच्या आईचे आभार मानायचे होते. पुन्हा व्हिडिओ कॉल जुळवला. पप्पांना वसईची बोली येते, बाईंना जर्मन. दुभाषा म्हणून क्लाउस तयारीत बसला होता, त्याला पप्पांनी हातानेच थांबवलं. वीस मिनिटं दोघं बोलत होती. मध्ये दोनदा हसली, एकदा बाईंनी डोळे पुसले.

बाईंनी कॉल ठेवल्यावर आग्नेलने विचारलं, “पप्पा, एवढं काय बोलत होतात?”

“गुडघ्यांचं,” पप्पा म्हणाले.