ताकद कमी नव्हतीच

“हा दोष आईकडून मुलाकडे येतो,” डॉक्टर म्हणाल्या आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. कुठे जायचं होतं, देव जाणे! माझा दोन वर्षांचा निहार सासूबाईंच्या मांडीवर झोपला होता.

आजाराचं नाव आयपेक्स. आपल्या रक्तात रेग्युलेटरी टी सेल्स असतात, म्हणजे इतर लढणाऱ्या पेशींना ‘बास, आता थांबा’ सांगणाऱ्या. त्यांचं काम फॉक्सपी-थ्री नावाच्या जीनवर, म्हणजे जनुकावर चालतं. निहारचं जीन तसं धड होतं, पण ते किती चालायचं हे ठरवणारा त्याच्या टोकाचा तुकडा बिघडला होता. थांबवणारंच कोणी नाही, म्हणून त्याचं शरीर त्याच्याच आतड्यांवर तुटून पडलं होतं.

आम्ही वर्षभर नेमकं उलटं समजत होतो. जुलाब थांबेनात, अंगावर चट्टे, वजन वाढेना. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जो तो म्हणे, इम्युनिटी वाढवा. सासूबाईंनी कुडाळहून गुळवेल मागवली. डॉक्टरांनी विचारलं, घरचं काही औषध देता? मी चक्क “नाही” म्हटलं. ओरडा कोण खाणार!

मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सासूबाईच बोलल्या, “रोज सकाळी मी गुळवेलीचो काढो दितंय. पोराक ताकद नको?”

“आजी, ताकद कमी नाही, जास्त झालीये. काढा लिव्हरलाही बाधतोय, आजपासून बंद.”

बाहेर आल्यावर मी सासूबाईंवर भडकले. “तुमच्यामुळे वाट लागली त्याची!” खोटं मी बोलले होते, पण तोंडसुख त्यांच्यावर.

आणि आता हा जीनचा रिपोर्ट. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या मज्जेतून नव्या पेशी देणं, हाच कायमचा उपाय. तोवर सिरोलिमस, म्हणजे इम्युनिटी दाबणारं औषध. मला धड ऐकूच येत नव्हतं. आता सासूबाई माझेच शब्द मला ऐकवणार, याची वाट बघत मी रडत होते.

“तुका म्हायत होता काय?” त्या म्हणाल्या. “नाय मा? मग रडतंस कित्याक? इचार त्यांका, पुढे काय करूचा ता.”

मी डोळे पुसून विचारलं.

डोनर अजून मिळालेला नाही. फोन वाजला की मी धावत जाऊन उचलते. पण लिव्हर सावरतंय, वजन थोडं वाढलंय. तुमच्या घरात असं काही असेल तर डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. आणि त्या वेळी घरातल्या कुणावर ओरडला असाल, तर माफी मागा. मी मागितली, तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्यासमोर रडून घेतलं.