हंबीररावांच्या फोटोमागची ओळ

कसबा बावड्यात मीरासाब पेंटरना जो ओळखत नाही, तो माणूस नवाच राहायला आलेला असणार. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या पाट्या रंगवल्या. गिरण्या, सलून, दूध डेअरी, तालमीची भिंत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात वाळले. मागोमाग काचबिंदूनं डोळ्यांतला उजेडही बराचसा नेला. आता माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. "निम्मी माणसं न बघण्यासारखीच हायत," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात.

फोन मात्र त्यांचा बोलका आहे. बोट फिरवलं की पडद्यावरचा मजकूर एक बाई वाचून दाखवते. घरात बेगम तिला सवत म्हणतात.

त्या रविवारी अकरा वाजता गावच्या वाचनालयात बैठक होती. गल्लीतल्या मीनाबाईंची मुलगी दीप्ती तासभर आधीच लॅपटॉप घेऊन आली. क्लासला जाऊन वेबसाइट करायला शिकली होती आणि वाचनालयासाठी तिनं एक पान तयार केलं होतं. पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तिला मिळणार होतं, आयुष्यातलं पहिलं. नाहीतर अध्यक्ष हंबीरराव, म्हणजे गावाचे आबा, ते पुण्याच्या भाच्याकडून करून घेणार होते. तसं त्यांनी तिला तोंडावर सांगितलंही होतं.

मीरासाब बाकावर बसलेच होते.

"चाचा, जरा बघता का?"

"बघायला येतंय व्हय मला? आण, ऐकतो."

फोनवर पान उघडलं. बाई सुरू झाली. "लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा."

"आगं, इथं इथं काय लावलंय हिनं?" मीरासाब म्हणाले. "दुकानावर नुसतं 'इथं या' लिवलं तर गिऱ्हाईक दळण घिऊन येणार का दाढी करायला?"

दीप्तीनं जीभ चावली आणि तिन्ही जागी नीट लिहिलं. पुस्तकांची यादी, सभासद व्हा, वाचनालयाच्या वेळा.

मग मीरासाबनी फोन नाकाला लावला. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं होती. ओळ अर्धी पडद्याबाहेर गेलेली, बोटानं ओढावी तेव्हा पुढचा शब्द यायचा.

"लॅपटॉपवर झ्याक दिसतंय, चाचा."

"दिसणारच की. ती भिंत हाय, ही रिक्षाची पाठ. भिंतीवरचा मजकूर रिक्षावर लिवताना आमी ओळी मोडून परत मांडायचो. आन् फिकट रंग कशाला? पाटी वाचायला आसती, लाजायला न्हाय."

दीप्ती हसली आणि खटाखट कामाला लागली. अक्षरं गडद झाली, ओळी पडद्याच्या रुंदीत बसू लागल्या, शेजारी-शेजारी असलेले दोन चौकोन फोनवर एकाखाली एक आले. तिनं लॅपटॉपची खिडकी आकसून, रुंदावून तीनतीनदा पाहिलं. दहा पन्नास झाले होते.

मीरासाबनी पुन्हा बोट फिरवलं. बाई अदबीनं म्हणाली, "चित्र. सोफ्यावर बसलेला तपकिरी कुत्रा."

"कुत्रं पाळलंय का वाचनालयानं?"

दीप्तीचा चेहरा पांढरा पडला. तिथं हंबीररावांचा फोटो होता. तपकिरी कोटातला. आणि सोफ्यावरच.

चित्रामागं एक ओळ लिहायची असते. पडद्यावर ती दिसत नाही, फोनची बाई तेवढी वाचते. क्लासमध्ये सरावाला कुत्र्याचं पान केलं होतं, तेच उचलून दीप्तीनं फोटो बदलला. ओळ राहिली.

मीरासाब हसून हसून खोकायला लागले. "जाऊ दे तशीच! गावात कोण न्हाय म्हणंल?"

"चाचा, गप बसा की! आबा आले तर? सांगा, काय लिहू? नुसतं 'अध्यक्षांचा फोटो' लिहू?"

"त्यानं मला काय कळणार? मी शेजारी बसलोय, मला दिसत न्हाय. सांग बघू, काय चाललंय फोटोत?"

दीप्तीनं फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. पाहत पाहत ती सांगू लागली आणि सांगितलं तेच तिनं लिहिलं. शेवटचं बटण दाबलं तेव्हा बाहेर हंबीररावांची बुलेट थांबली.

बैठकीत त्यांनी लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "दिसायला सगळीच बरी दिसत्यात. आपले निम्मे सभासद सत्तरीच्या फुडं. त्यास्नी जमंल का ह्ये? पेंटर, तुमी सांगा."

मीरासाबनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर ठेवला. बाईनं वेळा सांगितल्या, यादीचा दुवा सांगितला आणि मग म्हणाली, "चित्र. अध्यक्ष हंबीरराव सोफ्यावर बसून दोन लहान मुलींना पुस्तक वाचून दाखवत आहेत. एक मुलगी हसते आहे, दुसरी त्यांच्या खांद्यावर झोपली आहे."

हंबीररावांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"परत लाव," ते म्हणाले.

परत लावलं.

"झोपलेली आमची नात. आता बेंगलोरला गेली." मग ते दीप्तीकडे वळले. "फेटा कसा सांगितला न्हाय गं?"

"आबा, सगळंच लिहिलं तर बाई दमंल की," मीरासाब म्हणाले.

"दमू दे. फेटा घाल. गुलाबी. आन् भाच्याला मी फोन करतो, तू नगं येऊस म्हणून."

दीप्तीनं "गुलाबी फेटा बांधलेले" एवढं घातलं. बैठकीतले बाकीचे विषय पुढच्या रविवारवर गेले, कारण मीरासाबचा फोन हंबीररावांच्या कानाला होता आणि तो काही केल्या ते परत देईनात.