फुग्याची शेपटी

सुईणबाईंच्या हाताला देवानेच गुण दिला होता. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याच ओंजळीत जगात आली. त्यामुळे कर्तबगार बायकांच्या चित्रकथांचं पुस्तक निघतंय म्हटल्यावर त्यातली चार पानं बाईंच्या वाट्याला आली, यात नवल नव्हतं. चित्रं काढणारी मुलगी महिनाभर येऊन बसली आणि बाई भडाभडा बोलत गेल्या. नको तेसुद्धा.

छपाईआधी बघून घ्या म्हणून पानं आली, आणि बाई तिसऱ्या पानावर अडल्या. चित्रात बाई कुणाचं तरी बाळंतपण उरकून घरी येतात, तर त्यांचं स्वतःचं तापलेलं बाळ सासूच्या मांडीवर गार पडलेलं. बाईंच्या तोंडाजवळ शब्दांचा फुगा: ‘तुम्ही लक्ष दिलं नाहीत, म्हणून गेलं!’

त्यांनी लगेच त्या मुलीला फोन लावला. “अगं बये, हे मी कधी बोलले? मनात आलं होतं, एवढंच सांगितलं तुला!”

“अय्या, शेपटी चुकली! बोलण्याच्या फुग्याला टोकदार शेपटी असते, मनातल्याला बारके बारके गोळे. बदलते ना.”

“पुसूनच टाक की.”

“मग त्या पानात राहतं काय, मावशी? बघा, दुपारपर्यंत कळवा.”

तीस वर्षं बाईंनी ते वाक्य गिळलं होतं. सासूबाईंना न्हाऊ घातलं, घास भरवले, पण ते ओठांबाहेर येऊ दिलं नाही. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. चित्रं मात्र कळत. बाई फोन ठेवून वळल्या, तर पानं म्हातारीच्या मांडीवर.

“ही मी होय? नाक भोपळ्याएवढं काढलंय मेलीनं!” मग बोट फुग्यावर टेकलं. “आणि तू काय म्हणतेयस मला? वाच बघू.”

काहीही वाचलं असतं तरी खपलं असतं. ‘देवाची इच्छा’ म्हटलं असतं तरी. पण देवाचं नाव खोट्याला लावायला बाईंची जीभ रेटेना. होतं तसं त्यांनी वाचलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापल्या.

सासूबाईंनी फुग्यावरचं बोट चित्रातल्या बाळावर नेलं.

“डोळा लागला होता गं माझा,” त्या म्हणाल्या. “तू कधी विचारलंच नाहीस.”

बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. उचलायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.